डेन्मार्कचं तळ्यात-मळ्यात

युरोपियन युनियनशी न पटलेला देश म्हटलं की सगळे ब्रिटनवर घसरतात. मला डेन्मार्कची गोष्ट जास्त रंजक वाटते. दोघेही एकाच दिवशी, 1 जानेवारी 1973 ला आत शिरले, आणि कुरकुरही दोघांनी आयुष्यभर केली. ब्रिटन 2020 मध्ये निघून गेला, डेन्मार्क अजून आत आहे. माझ्या मते याचं मोठं कारण असं की डॅनिश लोकांना मधूनमधून 'नाही' म्हणायची सोय होती.

आत जाण्यामागे युरोपप्रेम वगैरे फारसं नव्हतंच. डॅनिश लोणी आणि बेकन ब्रिटनमध्ये खपायचं. मोठं गिऱ्हाईकच तिकडे चाललं तर मागे राहून करणार काय? ऑक्टोबर 1972 च्या सार्वमतात 63 टक्के लोक 'हो' म्हणाले. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान येन्स ओटो क्राग यांनी राजीनामा देऊन सगळ्यांना चाट पाडलं. ग्रीनलंडने सुमारे 70 टक्के 'नाही' म्हटलं होतं, तरी ते डेन्मार्कमागे फरफटत आत गेलं. पुढे स्वायत्तता मिळाल्यावर मासेमारीच्या हक्कांवरून 1985 ला बाहेरही पडलं. (ब्रिटनच्या 35 वर्षं आधी!)

तोवर या गटाचं नाव युनियन नव्हतं, 'कम्युनिटी' होतं. 1986 ला एकत्र बाजारपेठ आणखी घट्ट करणाऱ्या करारावर सार्वमत होतं. त्याआधी पंतप्रधान पोल श्ल्यूटर यांनी लोकांना सांगितलं, तुम्ही 'हो' म्हणालात की युनियनची कल्पना मेलीच समजा. लोक 'हो' म्हणाले. सहा वर्षांत कम्युनिटीची युनियन करणारा मास्ट्रिक्टचा करार दारात हजर, आणि त्याच्या नावातच 'युनियन'!

मग 2 जून 1992 ला लोकांनी हिशेब चुकता केला. 50.7 टक्के 'नाही'. फरक जेमतेम 46 हजार मतांचा. त्याच महिन्यात युगोस्लाव्हियाला बाद केल्यामुळे आयत्या वेळी जागा मिळालेला डॅनिश फुटबॉल संघ अंतिम सामन्यात जर्मनीला 2-0 ने हरवून युरोपचा विजेता झाला. परराष्ट्रमंत्री उफे एलेमान-येन्सन युरोपीय नेत्यांच्या लिस्बनच्या बैठकीत फुटबॉलचा स्कार्फ गळ्यात घालून गेले आणि म्हणाले, सामील होता येत नसेल तर हरवा! असला मंत्री मला मनापासून आवडतो.

डिसेंबरात एडिनबरोच्या बैठकीत चार सवलती, म्हणजे चार विषयांत बाहेर राहायची मुभा, पदरात पडल्या: युरो, संरक्षण, न्याय-गृह आणि नागरिकत्व. त्यावर 1993 मध्ये लोक 'हो' म्हणाले. पण त्या रात्री कोपनहेगनच्या नॉरेब्रो भागात दंगल पेटली आणि पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. म्हणजे सगळं गोडीगुलाबीत झालं, असं अजिबात नाही. मास्ट्रिक्टमध्ये आणखी एक भन्नाट कलम आहे. जटलंडच्या किनाऱ्यावरची उन्हाळी घरं जर्मन लोक विकत घेतील या धास्तीने डेन्मार्कने दुसऱ्या घराच्या खरेदीवरचे आपले निर्बंध कायम ठेवून घेतले.

शिवाय महत्त्वाच्या विषयावर युनियनच्या बैठकीला ब्रुसेल्सला जाण्याआधी डॅनिश मंत्र्याला आपल्या संसदेच्या समितीपुढे उभं राहून वाटाघाटीची चौकट मंजूर करून घ्यावी लागते. परत येऊन 'काय करणार, ब्रुसेल्सनेच लादलं' म्हणायला तोंड उरत नाही. ब्रिटिश नेत्यांनी हे वाक्य वर्षानुवर्षं वापरलं. 1975 च्या सार्वमतानंतर थेट 2016 ला लोकांना विचारलं, तेही एकदम 'राहायचं की जायचं'. 41 वर्षांचा राग एकाच मतपेटीत पडला.

डॅनिश लोक वेळ आल्यावर सवलत सोडूही शकतात. युक्रेनवर हल्ला झाल्यावर, जून 2022 मध्ये, जवळपास 67 टक्क्यांनी संरक्षणाची सवलत मोडीत काढली.

युरोचा हट्ट मात्र मला विनोदी वाटतो. 2000 साली 53 टक्क्यांनी युरो नाकारला, पण आपलं चलन, क्रोन, युरोलाच बांधून ठेवलंय. फ्रँकफर्टच्या युरोपियन सेंट्रल बँकेने व्याजदर हलवला की कोपनहेगनला बहुतेक वेळा मागोमाग जावं लागतं, आणि जिथे तो दर ठरतो तिथे यांना खुर्ची नाही. 2015 च्या सुरुवातीला तर क्रोन जागेवर ठेवण्यासाठी व्याजदर उणे 0.75 टक्क्यांपर्यंत न्यावा लागला. तरी या विषयावर पुन्हा सार्वमत घ्यायची हिंमत 2000 नंतर एकाही सरकारने केलेली नाही.