जुन्या नाशकात बघायचं काय? ठाणेकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ठाणेकर,

नाव दिलं नाहीत, म्हणून प्रतिक्रियेखालच्या सहीनेच हाक मारतो. प्रतिक्रिया रागात लिहिलेली असली तरी मी ती तशीच ठेवली आहे. लेख न वाचता इथे आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. ‘दीड दिवस, पायी, जुनं नाशिक’ हा माझा लेख वाचून हे गृहस्थ बायको, दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन रविवारी गाडीने आले. त्यांच्या मते दीड दिवस घालवण्यासारखं तिथे काही नाही. गर्दी, घाण आणि पार्किंगचे हाल. नामांकित मिसळींचा पत्ता नाही, त्र्यंबक-पांडवलेणी-वायनरी वगळलेली, आणि वर खाण्याफिरण्याच्या लेखात काळारामाच्या सत्याग्रहाचं ‘राजकारण’.

वगळलेल्याचं आधी उरकतो. त्र्यंबकेश्वर तीसेक किलोमीटरवर, पांडवलेणी मुंबई हायवेला, वायनऱ्या गंगापूर धरणाच्या बाजूला. हे सगळं दीड दिवसात कोंबणारे लेख नेटवर पोत्याने सापडतील. त्यातला प्रवासी नाशकात कमी आणि सिग्नलला जास्त असतो. लेण्यांमधल्या गौतमी बलश्रीच्या, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईच्या, शिलालेखापाशी एक अख्खी सकाळ द्यावी असं माझं मत आहे, म्हणून तर लेणी या लेखात नाहीत.

आता ‘बघण्यासारखं काही नाही’ याकडे येऊ. तुम्ही लिहिलंय, ‘दुतोंड्या मारुती म्हणजे घाटावरची एक मोठी मूर्ती, दोन मिनिटांत फोटो झाला.’ फोटो दोन मिनिटांतच होतो. पण पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की सरकारी आकडा क्युसेकमध्ये येतो आणि गावातले फोन वेगळंच विचारतात: मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला म्हटलं की घाटावरच्या टपऱ्या उचलतात. कमरेच्या वर म्हटलं की भांडीबाजार आणि सराफबाजार जागा होतो, खालचा माल वर चढायला लागतो. मारुती बुडाला की पुढचं मोजमाप सरकारवाड्याच्या पायऱ्यांवर, पाणी कितव्या पायरीला लागलं ते. सप्टेंबर २००८ला आणि ऑगस्ट २०१६ला सराफबाजारात पाणी होतं. १९६९च्या महापुराचा विषय एखाद्या जुन्या दुकानदारापुढे काढून बघा, तुमचा चहा गार होईल. नारोशंकराच्या देवळाची घंटा तुम्ही पाहिलीत, वसईच्या विजयातून आलेली मानतात ती. तिच्यापर्यंत पाणी गेलं म्हणजे काय, हे त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं.

मारुतीपासून सरकारवाड्यापर्यंत चालत जा असं मी लिहिलं होतं ते यासाठी. नदी कुठवर येते आणि गाव कुठून सुरू होतं, ते चढावर पायाला कळतं. त्या पायऱ्या आणि पेशवाईतला तो वाडा बघायला तिकीट काढून आत जावंच लागतं असं नाही, समोर पाच मिनिटं थांबलं तरी पुरतं. तुम्ही मात्र होळकर पुलावरून वळसा घालून गाडीनेच सराफबाजारात शिरायचा प्रयत्न केलात. रविवारी संध्याकाळी! तिथे स्थानिक माणूससुद्धा स्कूटर लांब लावून येतो.

तिवंधा चौकात मुलं कंटाळली, ‘नुसता चौक आहे’ म्हणाली, हे वाचून मला हसू आलं. मुलं ज्यावर उभी होती त्याच चौकाच्या पोटात रहाड आहे. पेशवेकाळापासूनचा दगडी हौद, वर्षभर फळ्या टाकून मातीखाली झाकलेला. रंगपंचमीला तो उघडतात, पूजा होते, मग रंगाच्या पाण्यात पोरं वरून उड्या मारतात, त्याला धप्पा म्हणतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आणि पूजेचा मानही ठरलेल्या घराण्याकडे. हे लेखात होतं, दुसऱ्या परिच्छेदात, पण मुलांना कोणी वाचून दाखवलं नसावं. त्यांना एकदा रंगपंचमीला आणा. कपडे फेकून द्यायच्या लायकीचेच घालून आणा.

मिसळीबद्दल तुमचा राग मला समजतो, पण तो चुकीच्या पत्त्यावर आलाय. ज्या मिसळींची नावं तुम्ही ठाण्यात ऐकता, त्यातल्या बऱ्याच सातपूरला, गंगापूर रोडला नाहीतर त्याही पलीकडे, मोकळ्या जागेत आहेत. झोके, मुलांना खेळायला जागा, रविवारी टोकन घेऊन वाट बघणारी कुटुंबं. ती नाशिककरांची स्वतःची सहल आहे आणि मलाही आवडते. पण जुन्या गावातली मिसळ म्हणजे सकाळी दुकान उघडायच्या आधी बाकड्यावर बसून पंधरा मिनिटांत संपवायची गोष्ट. मटकीची उसळ, वर शेव, काळ्या मसाल्याचा रस्सा, शेजारी पापड, दही, कांदा-लिंबू, पाव. रस्सा संपला की वाढपी न विचारता ओततो. तुम्ही दुपारी दीडला पोचलात. तोवर पातेल्याचा तळ लागलेला असतो, आणि जी मिसळ तुमच्या वाट्याला आली ती पाणी घालून वाढवलेली होती असं तुमच्याच वर्णनावरून वाटतं. जुन्या नाशकात काय खावं यापेक्षा कधी खावं हे जास्त महत्त्वाचं, एवढं एक वाक्य मी लेखात ठळक अक्षरांत टाकलं होतं.

सकाळ मिसळीची आणि जिलबीची. दोन्ही एकत्र हे बाहेरच्यांना विचित्र वाटतं, पण तिखटानंतर गरम जिलबी हा आमचा जुना सौदा आहे. दुपारच्या आधी मेन रोडला सायंताराचा साबुदाणा वडा. रांगेला नावं ठेवलीत, पण रांग आहे म्हणूनच वडा कढईतून थेट हातात येतो. दुपारी काही खाऊ नका, देवळं बघा किंवा झोपा. संध्याकाळी भेळभत्ता, आणि तो कागदात घेऊन चालत चालतच. भगवंतरावांकडची मिठाई घरी न्यायची तर निघताना घ्या, आधी घेऊन दिवसभर मिरवू नका. चिवडा कोंडाजींचा की माकाजींचा यावर मी मत देणार नाही. सासुरवाडी नाशकातच आहे.

आता सत्याग्रह. तुम्ही म्हणता, ‘मंदिराच्या सौंदर्याबद्दल लिहा, राजकारण कशाला?’ सौंदर्याबद्दल लिहिलं आहे: सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं देऊळ, रामशेजचा काळा दगड, चारही दिशांना दरवाजे. त्याच दरवाज्यांसमोर २ मार्च १९३०ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशासाठी हजारो दलित माणसं आली आणि दारं लावून घेण्यात आली. पुढचं काम दादासाहेब गायकवाडांनी नेटाने चालवलं. ९ एप्रिलला, रामाच्या रथाच्या दिवशी, दगडफेक झाली. सत्याग्रह १९३४पर्यंत चालला आणि १९३५मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असं जाहीर केलं. देऊळ कोणी बांधलं ते सांगायचं आणि आत कोणाला येऊ दिलं नाही ते गाळायचं, असं लेखन मला करता येत नाही. वाचकाला भेळभत्त्याबरोबर ते जड जात असेल तर भेळ नंतर खावी.

घाणीबद्दल तुमचा शब्दन् शब्द खरा. रामकुंडाच्या आसपास निर्माल्य, प्लास्टिक, पाण्याचा वास हे सगळं आहे आणि मी ते लेखात लपवलेलं नाही. नदीच्या तळात ओतलेलं काँक्रीट काढा म्हणून नाशिककर हायकोर्टापर्यंत गेलेत. आता सिंहस्थ तोंडावर आल्यामुळे घाटाच्या परिसरात कामं चालू असतील, तर पुढच्या वेळी रस्ता विचारूनच निघा.

शेवटी तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही सगळ्यात खाली कंसात टाकलाय: सासूबाईंना काळारामाचं दर्शन नीट झालं नाही, गुडघे दुखतात, पुन्हा आणावं का? आणा. गाडी मुक्कामाच्या जागीच ठेवा आणि त्यांना रिक्षाने देवळाच्या दाराशी सोडा, सकाळी लवकर. सीतागुंफेत त्यांना नेऊ नका, आत वाकून उतरावं लागतं. कपालेश्वराच्याही पायऱ्या बऱ्याच आहेत. तिथे महादेवापुढे नंदी नाही एवढं त्यांना खालूनच सांगा, गोष्ट त्यांना माहीत असेल. रविवार टाळा आणि बुधवारही टाळा, त्या दिवशी घाटावर आठवड्याचा बाजार भरतो. गुरुवारी या. मिसळ आठच्या आत.