दाताखालचा गाळ

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढवण बंदराचा विषय निघाला की मला पुढे केलं जातं. परवा आतेभावाने लिहिलं, "रॉटरडॅमवाल्यालाच विचारा. तिकडे समुद्र मागे सारून बंदरं बांधतात, आणि इथे कोळ्यांचं गाळाचं रडगाणं!"

रॉटरडॅमवाला अकरा वर्षं बंदराच्या तोंडाशी गाळच मोजतोय, म्हणून सांगतो. या गाळाने इथल्या इंजिनिअरांनाही चकवलंय. जहाजांच्या वाटेतून, चॅनेलमधून, उपसलेला गाळ हे लोक वर्षानुवर्षं लॉसवाल नोर्डला, समुद्रात नेऊन ओतायचे. पण ऱ्हाईनचं गोडं पाणी वरून बाहेर जातं आणि तळाचं खारं पाणी किनाऱ्याकडे सरकतं. त्याच्याबरोबर गाळ पुन्हा बंदरात. उपसा, टाका, परत उपसा. शेवटी 1996 मध्ये जागा बदलून वायव्येला नेली. हे ते लपवत नाहीत. आपल्याकडे असं कोण कबूल करेल, असं लिहिणार होतो; पण माग काढण्यात आपण कधी कच्चे नव्हतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी मुंबई बंदरात गाळाच्या कणाएवढी बारीक काचपूड, किरणोत्सर्गी स्कँडियम-46 असलेली, तळाशी सोडली आणि बोटीमागे डिटेक्टर ओढत तिचा पाठलाग केला. अर्धायुष्य 84 दिवस, म्हणजे काही महिने माग लागतो. हे ग्रुपवर टाकलं. एकच अंगठा आला, आईचा.

आईचं माहेर वाढवणजवळच्या चिंचणीचं. मामा नांगर वर आला की त्याला लागलेला चिखल चिमटीत घेतो आणि पुढच्या दातांत धरतो. करकरला तर रेती, नाहीतर गाळ. इथे पहिल्याच सर्व्हेला माझ्या डच बॉसने नमुन्याची बरणी उघडून नेमकं तेच केलं. सगळ्यांबरोबर मीही हसलो. माझा मामा हेच करतो, हे काही बोललो नाही. अजूनही बोललेलो नाही.

वाढवणला 1,448 हेक्टर भराव व्हायचाय. बंदर नको म्हणायला मी कोण? पगार बंदराचाच खातो. पण उपसलेलं कुठे जातंय ते किती वर्षं मोजणार, आणि ते आकडे मामाला दाखवणार का, एवढं तरी विचारू द्या. वॉटरस्खापच्या, म्हणजे इथल्या पाणी सांभाळणाऱ्या मंडळाच्या, निवडणुकीत मी न चुकता मत देतो. चिंचणीच्या यादीत माझं नाव कधी नव्हतंच.

रविवारी मामाचा फोन आला. "तिकडे चिखल मोजतोस म्हणे. एकदा इकडचा पण मोज की रे."

सुट्टी बघतो, म्हटलं. मे महिन्यातलं फ्रान्सचं कॅम्पिंग तेव्हाच बुक झालं होतं.