‘पोरांचं वर्ष वाचवा’: त्या मेसेजला जळगावहून उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला. पालकांचा ग्रुप, माजी विद्यार्थ्यांचा, शिक्षकांचा आणि का कोण जाणे, आमच्या सोसायटीचाही. मथळा: ‘पोरांचं वर्ष वाचवा’. मजकूर थोडक्यात असा. कॉलेजात जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना अजून एडब्ल्यूटी आणि स्विंग (खिडक्या, बटणं, चित्रं काढायची तिची साधनं) शिकवतात, ते १९९८ सालचं मेलेलं तंत्र. गोल-चौकोन काढणं हा पोरखेळ, त्यातून ऑब्जेक्ट-ओरिएंटेड (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधून प्रोग्राम लिहिणं) काही कळत नाही. आता सगळं वेबवर आणि मोबाइलवर आहे, सरळ तेच शिका. स्क्रीन तर माऊसने ओढून किंवा एआयला सांगून तयार होते. आणि शेवटी, जावाच्या खिडकीत मराठी दिसतच नाही, मग आपल्याकडच्या व्यापाऱ्याला त्याचा काय उपयोग?

मी जळगावात हाच विषय शिकवतो, म्हणजे या भांडणात माझं पोट अडकलेलं आहे. ते लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

१९९८चं म्हणून मेलेलं, हे तर मला कळतच नाही. स्विंग त्या वर्षी डिसेंबरात जावा १.२ बरोबर आलं. त्याच वर्षी १ जुलैला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. नंदुरबारला कुणी मेलेलं म्हणून दाखवावं! स्विंग आजही जावाच्या किटमध्येच येतं. मोबाइल ॲप लिहायला पोरं जो अँड्रॉइड स्टुडिओ उघडतात तो इंटेलिजे या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरवर उभा आहे, आणि इंटेलिजेच्या खिडक्या मुख्यतः स्विंगने रंगवलेल्या आहेत. नवीन डेस्कटॉप सॉफ्टवेअर स्विंगमध्ये फारसं कुणी लिहीत नाही, हे मात्र खरं.

खरंच मेलं ते ॲपलेट, म्हणजे ब्राउझरच्या पानात चालणारा जावाचा छोटा प्रोग्राम. जावा ९ मध्ये, २०१७ साली, त्यावर ‘वापरू नका’चा शिक्का बसला. २०१८च्या जावा ११ मधून ॲपलेट चालवून दाखवणारा ॲपलेटव्ह्यूअरही गेला. तरी काही प्रयोगवह्यांत पहिलं प्रॅक्टिकल ॲपलेटचंच असतं, आणि पोरं ते न चालवता वहीत उतरवून काढतात. यावर मेसेजवाल्याने शिव्या घातल्या असत्या तर मीही दोन भर घातल्या असत्या. पण त्याने वड्याचं तेल वांग्यावर काढलं, आणि वांग्याच्या बाबतीत आम्ही खान्देशी जरा हळवे असतो.

आता पोरखेळ. माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात गोल-चौकोन होतात, दुसऱ्या आठवड्यात बारा महिन्यांच्या कमाल तापमानाचा आलेख. दरवर्षी अर्ध्या वर्गाचा आलेख उलटा येतो. मे महिना तळाला, डिसेंबर शेंड्यावर. म्हणजे जळगावात मे सगळ्यात थंड! पंचेचाळीस अंशांत पंख्याखाली बसून हा आलेख बघताना वर्ग हसतो, आणि मग एक गोष्ट कायमची बसते: स्क्रीनचा शून्य बिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि वाय खाली वाढतो. खिडकीच्या उंचीतून किंमत वजा केली की मे जागेवर येतो.

पुढचा धडा याहून महत्त्वाचा. बरीच पोरं बटण दाबलं की थेट खिडकीवर रेघ ओढतात. रेघ दिसते, साहेब खूष. मग मी खिडकी कोपऱ्याला धरून मोठी करतो आणि रेघ गायब! कारण खिडकी पुन्हा रंगवायची वेळ प्रोग्राम ठरवत नाही, सिस्टिम ठरवते; ती पेंटकंपोनंट ही मेथड (नाव देऊन लिहिलेला कामाचा तुकडा) हवी तेव्हा बोलावते. काढलेली रेघ कुठे साठलेली नसते. साठवायचे ते आकडे, रेघ दर वेळी त्यांवरून नव्याने काढायची. आतापर्यंत ‘पहिली ओळ, दुसरी ओळ, संपलं’ असे प्रोग्राम लिहिलेल्या मुलाला आपली मेथड दुसराच कुणी बोलावतो हे पचायला दोन दिवस लागतात.

आणि ऑब्जेक्ट? आलेखात जळगावबरोबर धुळं आणि नंदुरबार घाला म्हटलं की पहिला प्रयत्न ठरलेला असतो: तोच कोड तीनदा चिकटवायचा. मग मी म्हणतो, क्लिक केलेल्या ठिकाणचं तापमान दाखवा. आता क्लिक नेमका कोणत्या रेघेवर झाला? तीनदा चिकटवलेल्या कोडमध्ये याचं उत्तर शोधताना घाम फुटतो. तेव्हा कुणीतरी स्वतःहून ‘रेघ’ नावाचा क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा साचा, करतं: स्वतःचे आकडे, स्वतःचा रंग, स्वतःला काढण्याची मेथड, आणि ‘हा बिंदू तुझ्यावर आहे का?’ याला हो किंवा नाही म्हणणारी मेथड. प्रत्येक रेघेला विचारायचं, जी हो म्हणेल ती. फळ्यावर ‘कुत्रा हा प्राणी आहे’ लिहून इनहेरिटन्स (एका क्लासने दुसऱ्याचे गुण घेणं) शिकवणाऱ्यांनी हा तास एकदा घेऊन पाहावा.

हा योगायोगही नाही. ऑब्जेक्टची कल्पना नॉर्वेतल्या सिम्युला ६७ या भाषेतून प्रोग्रामिंगमध्ये आली, पण एक मूळ आकृती ठेवून तिच्या प्रती स्क्रीनवर मांडणं इव्हान सदरलँडच्या स्केचपॅड या चित्रं काढायच्या प्रोग्रामने १९६३ सालीच केलं होतं. पुढे १९७०च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या प्रयोगशाळेत ॲलन केच्या गटाने स्मॉलटॉक ही भाषा आणि एकावर एक येणाऱ्या खिडक्या यांवर बरोबरच काम केलं, आणि मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर (आकडे, त्यांचं चित्र आणि क्लिक हाताळणं वेगळं ठेवणारी) ही मांडणी ट्रिग्वे रेन्सकॉगने तिथेच १९७९ मध्ये केली. जी वेब फ्रेमवर्क (वेबसाइट बांधायचे तयार सांगाडे) शिका म्हणतात, त्यांतली बरीच हीच मांडणी सांगतात.

वेब आणि मोबाइल जरूर शिका, पण तिथे गेल्यावर काय बदलतं? यावलच्या एका विद्यार्थिनीने घरच्यांसाठी केळीच्या वजनपावत्यांचा हिशोब करणारा प्रोग्राम केला. ‘हिशोब’ बटण दाबलं की ते दाबलेलंच राहायचं, खिडकी बंदही होईना. तिला वाटलं लॅपटॉप गेला. झालं होतं एवढंच की सगळ्या फाइली वाचण्याचं लूप तिने बटणाच्या लिसनरमध्येच (बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) लिहिलं होतं. स्विंगमध्ये क्लिक ऐकणं आणि खिडकी रंगवणं एकच थ्रेड, म्हणजे कामाचा एकच धागा, करतो. तो हिशोबात गुंतला की रंगवणार कोण? काम स्विंगवर्करमध्ये, म्हणजे मागे चालणाऱ्या वेगळ्या थ्रेडवर, हलवलं, प्रश्न मिटला. पुढच्या वर्षी ब्राउझरमध्ये तिचं पान अडकलं आणि नंतर अँड्रॉइडवर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ आलं, तेव्हा ती माझ्याकडे आली नाही. दोन्हीकडे मुख्य थ्रेड अडवला की हेच होतं.

माऊसने ओढून बटणं ठेवण्याचं थोडक्यात सांगतो. स्वतःच्या लॅपटॉपवर देखणा दिसणारा फॉर्म प्रयोगशाळेतल्या लहान स्क्रीनवर उघडला की ‘जतन करा’चं बटण कडेला अर्धं कापलेलं. बटणांच्या जागा आपोआप ठरवणारा लेआउट मॅनेजर काढून टाकून पिक्सेल मोजून ठेवलं की हे होणारच. बॉर्डरलेआउट आणि ग्रिडलेआउट असे मॅनेजर हाताने लिहिलेल्याला ते लगेच दिसतं. एआयचंही तसंच. तो स्क्रीन देतो आणि बऱ्याचदा चांगली देतो. पण अडकलेल्या बटणाचं कारण त्याला विचारायचं तरी ‘लिसनर’ आणि ‘थ्रेड’ हे शब्द तोंडात यायला हवेत. ‘चालत नाही’ एवढं सांगून डॉक्टरही औषध देत नाही.

मराठी दिसत नाही, हे मात्र लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून त्याला नीट उत्तर हवं. प्रश्नचिन्हं दिसतात ती बहुधा एन्कोडिंगमुळे, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीमुळे. जुन्या जावात विंडोजवर मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारं) नसायचं. जावा १८ पासून, म्हणजे २०२२ पासून, ते आहे. चौकटी दिसतात कारण निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरीच नाही. आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो तेव्हा मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टात टाइप केलेला असतो. त्यात आतून अक्षरं रोमनच असतात, फक्त चेहरे मराठी. तिन्हींत स्विंगचा दोष नाही. जावा ९ पासून तर अक्षरं जुळवायला हार्फबझ हे साधन आहे, जोडाक्षरं व्यवस्थित येतात.

तरी मराठी मोडता येतंच. एका मुलाला गावाचं नाव टाइपरायटरसारखं एकेक अक्षराने उमटवायचं होतं. गाव शिरपूर. त्याने स्ट्रिंगची, म्हणजे साठवलेल्या शब्दाची, लांबी मागितली, सहा आली. मग सहा तुकडे शेजारी शेजारी काढले. श, मग ठिपक्यांच्या गोलाला टेकलेली पहिली वेलांटी, र, प, तसाच गोल खाली दुसरा उकार घेऊन, आणि र. ‘सर, हाई काय शे?’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, जावाला सहा चिन्हं, आणि पहिली वेलांटी श च्या आधी दिसत असली तरी स्ट्रिंगमध्ये नंतर असते; अख्खा शब्द एकदम दिला तरच ती जागेवर जाते. त्यावर तो दोन तास बसला. आता तो शब्द प्रत्येक वेळी अख्खाच काढतो आणि फक्त क्लिपची चौकट (जिच्या आतलंच चित्र दिसतं ती) डावीकडून उजवीकडे रुंद करत नेतो. शिरपूर सावकाश उमटतं.