गुरुजी, हरभरा काय?

पोत्यातली एक काडी आईनं दातांत धरली, चावली आणि थुंकून म्हणाली, "हे तं हरळी हाय."

"आई, ही लॉनची खास जात आहे. नागपूरहून आणली."

"हरळीच हाय. तुह्या बापानं जलमभर खोदून फेकली, आन् तू इकत आणली?"

मुद्दा बिनतोड होता. रोपवाटिकेतल्या माणसानं पावतीवर सायनोडॉन डॅक्टिलॉन असं झोकदार नाव लिहून दिलं, तिथंच मी गार झालो. ते हरळीचंच नाव आहे हे मला, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवणाऱ्याला, आईच्या उरलेल्या चार दातांनी सांगितलं. आमचे बापू उन्हाळ्यात वखरामागं वाकून हरळीच्या काश्या वेचायचे, धुऱ्यावर ढीग घालून जाळायचे. एखादं पेर मातीत राहिलं तरी मृगाच्या पहिल्या सरीला ती पुन्हा उठून बसायची. हेच गवत "फार नाजूक असतं, जपा" म्हणून त्या भल्या माणसानं माझ्या गळ्यात मारलं.

हौस माझीच. पुण्याला लेकीच्या सोसायटीतल्या हिरवळीवर अनवाणी चालून आलो आणि आर्वीकडच्या आपल्या गावी, नव्या घरापुढं, तसंच चालायचं ठरवलं. आमची माती काळी. पावसात चप्पल सोडत नाही आणि उन्हाळ्यात तिच्या भेगेत किल्ली पडली की कुलूपच बदलावं लागतं. तिच्यात दोन ट्रॉल्या रेती मिसळली आणि दसऱ्यानंतर आम्ही नवरा-बायको भंडाऱ्याकडं धानाची रोवणी करतात तसे वाकून चार-चार इंचांवर काड्या खोचत गेलो. रस्त्यानं जाणारी माणसं सायकली थांबवून बघत होती. विचारत कोणी नव्हतं. निवृत्तीनंतर माणसाला असं होतं, अशी त्यांनी समजूत करून घेतली असावी.

पहिले पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी, वर पाय पडता कामा नये, असा हुकूम होता. नळ दिवसाआड. विहिरीवरच्या मोटारीची लाइन त्या आठवड्यात रात्रीची. म्हणजे रात्री साडेबाराला अलार्म, गमबूट, बॅटरी, सापाच्या भीतीनं काठी आणि गवताला ओलीत. सारा शिवार जागाच होता, पण तो हरभऱ्यासाठी. पहिल्याच रात्री शेजारचा कास्तकार बांधावरून ओरडला, "गुर्जी, हरभरा काय?"

आता मध्यरात्री भर अंधारात "नाही, गवत" हे कुठल्या तोंडानं सांगू?

"हो," मी म्हणालो.

"मंग रोज पानी नका देऊ. जळते ना तो!"

खोटं बोललं की सल्लेही ऐकावे लागतात. तो रोज ओरडायचा, मी रोज पाणी द्यायचो, आणि गुरुजींना शेतीतलं काही कळत नाही हे गावभर झालं.

तेवढ्यात गवतात लव्हाळा आणि गाजरगवत माजलं. निंदायला बाई मिळेना, कारण कापूस वेचणी जोरात होती. शेवटी बाजाराच्या दिवशी एक मावशी तयार झाल्या. "सगळं नीट निंदून घ्या," एवढं सांगून मी पिशवी घेऊन बाजारात गेलो. भाषेवर जन्मभर विश्वास ठेवल्याचं हे फळ.

परत येऊन पाहतो तर घरापुढची जमीन आरशासारखी लख्ख. फाटकाबाहेर हरळीचा ढीग आणि त्यावर चार बकऱ्यांची पंगत. मधोमध मात्र, मोजून सतरा, हरभऱ्याची रोपटी डौलात उभी होती. चुलतभावाचं बियाण्याचं पोतं अंगणात फाटलं होतं, त्याची ही पोरं. मावशींनी त्यांना मातीची भरही दिली होती.

"मावशी, हे ठेवलं आणि गवत काढलं?"

"मंग? हरभरा कोनी उपटते काय गुर्जी?"

मी उपटायला वाकलो. खरंच वाकलो. पण बापूंच्या पोराच्या हातून हरभऱ्याचं रोप उपटलं जाईना. आई ओसरीवरून बघत होती. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता.

मग काय, पाणी तोडलं. शेंडे खुडले, ती आमच्या लॉनची पहिली छाटणी. बायकोनं लसूण घालून त्याची भाजी केली. एका जेवणात संपली, पण नागपूरचं पोतं, रेती आणि मजुरी धरली तर असली महाग भाजी पंचतारांकित हॉटेलातही मिळणार नाही.

महिन्यानं एका रात्री भेंडीच्या वाफ्याला पाणी लावलं होतं. शेजारी बॅटरी घेऊन थेट अंगणातच आला. "पाहू द्या तुमचा हरभरा." सतरा रोपांवरून त्यानं उजेड फिरवला, परत फिरवला.

"एवढाच?"

"एवढाच."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग उजेड खाली नेला. रोपांच्या भोवती, ओळींच्या मधे, फाटकापर्यंत, कोणी पाणी न देता हिरवीगार हरळी पसरली होती.

"गुर्जी," तो वाकून मूठभर उपटत म्हणाला, "पयले हे काढा. नाही तं हरभरा खाऊन टाकन."