एनएसएसचे तास मे महिन्यातही मोजा

एनएसएसमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेत, वर्षाला सेवेचे १२० तास भरायचे असतात. दोन वर्षांचे २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ही योजना सुरू झाली. ब्रीदवाक्य आहे ‘मी नव्हे, तुम्ही’. पण बहुतेक ठिकाणी जुलैत वृक्षारोपण होतं, खड्डे आधीच खणून ठेवलेले असतात, पाहुणे येतात, फोटो निघतात, तास वहीत चढतात. त्यातली किती रोपं जूनपर्यंत टिकली, हे लिहायला त्या वहीत रकानाच नाही. मला याचा मनापासून राग येतो.

आम्ही काही मुलं-मुली पुण्यात पर्वती पायथ्याजवळ एका वस्तीशेजारी भाजीचे वाफे करतो. पूर्वी तिथे उकिरडा होता. पहार मारली की विटा, फरशीचे तुकडे, प्लास्टिक. शहरातली ‘माती’ म्हणजे बऱ्याचदा राडारोडाच असतो. म्हणून खणत न बसता विटा रचून वरच वाफे केले. तळाला नारळाच्या शेंड्या आणि रसवंतीतून आणलेलं उसाचं चिपाड, त्यावर पाचोळा, मग घराघरांतला ओला कचरा, वरून थोडी माती. शेतीत प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराच्या विचारातून पुढे आलेलं अमृतजल हे पातळ खतही घालतो: एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ, दहा लिटर पाणी. तीन दिवस रोज ढवळायचं आणि दहापट पाण्यात मिसळून द्यायचं.

पावसाळ्यात खताच्या ड्रममध्ये अळ्या झाल्या. शेजारच्या मावशी तावातावाने आल्या, “अगं, हे काय वळवळतंय? पोरं आजारी पडतील ना!” त्यांची काळजी रास्तच होती. त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या होत्या. त्या चावत नाहीत आणि ओला कचरा भराभर संपवतात. ड्रममध्ये पाणी जास्त झालं होतं, हवा खेळत नव्हती. मावशींसमोरच पाचोळा घालून सगळं खालीवर केलं. वास गेला. आता कुणी आमटी ओतायला आलं तर मावशीच आधी पाचोळा टाकायला लावतात. कुठल्या घरातला कचरा नीट वेगळा केलेला असतो हे आमच्या कचरावेचक ताईंना तोंडपाठ, त्यामुळे सुरुवात कुठून करायची ते त्यांनीच सांगितलं.

खरी कसोटी एप्रिल-मेची. आमच्या परीक्षा, मग सगळे गावी. नेमकं तेव्हाच वाफ्यांना दोन वेळा पाणी लागतं. वस्तीत नळाला पाणी ठरावीक वेळ येतं, हंडे-कळश्या भरेपर्यंत जातं. त्यांच्या पिण्याच्या पाण्यातलं आपल्या पालकासाठी मागणं मला पटत नाही. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं बायकांनीच ठरवलं. पाचोळ्याचं आच्छादन जाड केलं. पालक गेला, पण मायाळू, कढीपत्ता, गवती चहा आणि शेवगा तगले. ज्यांनी उन्हाळाभर हे जगवलं त्यांचं नाव कुठल्याच अहवालात नाही. सुट्टीत पुण्यातच राहून रोज सकाळी येणाऱ्या आमच्यातल्या दोघींचे तासही धरले गेले नाहीत, कारण ‘सत्र संपलं’.

माझं म्हणणं एवढंच आहे की तास लावण्याचे नकोत, जगवण्याचे द्या. एका गटाला एक जागा वर्षभर द्या. पुढच्या जूनमध्ये जे जिवंत असेल ते पाहून तास धरा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्यांना सोबत घेऊन काम हातात द्यावं, म्हणजे बॅच बदलली तरी वाफे बेवारस होणार नाहीत. आणि काय लावायचं हे वस्तीतल्या लोकांना विचारा. आम्ही फुलझाडं म्हणत होतो, बायका म्हणाल्या कढीपत्ता नि अळू लावा, रोज लागतं.

या मागणीचा अर्ज आम्ही कॉलेजला देतोय. तुमच्या कॉलेजात सुट्टीतले तास धरत असतील तर कसे धरतात ते कमेंटमध्ये सांगा, अर्जाला आधार होईल. आणि पर्वती, सहकारनगर, दत्तवाडी भागात कुणाच्या सोसायटीत पाचोळा जाळत असतील तर कृपा करून थांबवा. पोत्यांत भरून ठेवा, आम्ही येऊन घेऊन जाऊ.