तात्पुरती चांदी

आमच्या मोटारसायकलचा हॉर्न इंडिकेटरच्या तालावर वाजायचा. डावा इंडिकेटर लावून हॉर्न दाबला की सरळ 'पॅंऽऽ' असा आवाज न येता 'पॅं... पॅं... पॅं...' असा ठेका धरल्यासारखा आवाज यायचा, आणि तेवढ्यात ब्रेक दाबला तर तोही बसायचा. रात्री हेडलाइट, हॉर्न आणि ब्रेकचा दिवा या तिघांपैकी एका वेळी दोघेच कामावर. तिसरा रजेवर. मी स्वतः बावीस वर्षं कार्यालयात काढलेली असल्यामुळे मला यात काही वावगं वाटत नव्हतं.

गाडी १९९१ ची, बाबांनी घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिच्यावर जीव टाकणारी माणसं अजून शिल्लक आहेत आणि त्यांतली निम्मी माझ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेत. गाडीला पंधरा वर्षं झाल्यापासून दर पाच वर्षांनी आरटीओत फेरनोंदणीला न्यावी लागते. तिथे साहेब म्हणाले, "हॉर्न वाजवा", की मी सहज केल्यासारखं दाखवत हेडलाइट बंद करायचो आणि मगच बटण दाबायचो. "ब्रेक दाबा" म्हणाले की हॉर्नवरचा अंगठा उचलायचो. तबलजीला जेवढं भान लागतं तेवढं ठेवून मी ती गाडी तीन वेळा पास करून आणली आहे.

शिवाय हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं की इंजिन आचके द्यायचं. कार्ब्युरेटरमध्ये कचरा असणार, असं निदान मी केलं, मेकॅनिकनं केलं आणि आमच्या बिल्डिंगच्या वॉचमननंही केलं. कार्ब्युरेटर चार वेळा साफ झाला. आचके तसेच. शेवटी मी उजवीकडे पूर्ण वळायचंच सोडून दिलं. यू-टर्न घ्यायचा झाला तर मी आधी कडेला घेऊन, उतरून, गाडी हातानं फिरवायचो. लोकांना वाटायचं, काय हा शिस्तीचा माणूस!

मग एका दुपारी दांडेकर पुलाच्या सिग्नलला टाकीखालून करपलेल्या पापडासारखा वास आला. वास नेहमीचाच होता, पण या खेपेला त्याच्याबरोबर धुराची एक बारीक रेघही आली. शेजारच्या स्कूटरवरची मुलगी म्हणाली, "काका, तुमच्यातनं धूर येतोय." गाडीतनं नव्हे, तुमच्यातनं. आणि काका. त्या क्षणी मी ठरवलं की आता वायरिंगचा सोक्षमोक्ष लावायचा.

मेकॅनिकनं हात जोडले. "साहेब, इंजिन खोला म्हणा, आत्ता खोलतो. वायरिंगला नको. या वयात एक वायर हलवली तर तीन रुसतात." मग मी स्वतःच करायचं ठरवलं. माझी पदवी वाणिज्य शाखेची आहे, हे इथे सांगितलेलं बरं.

अभ्यास म्हणून मुलाचं विज्ञानाचं पुस्तक काढलं. त्यात फ्यूजला 'वितळतार' म्हणतात. हा शब्द मला फार आवडला. फ्यूज या शब्दात नुसतं विझणं आहे. वितळताराच्या नशिबात हौतात्म्य आहे. कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूची एक बारीक तार परिपथात एकसर जोडायची. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ती आधी तापते, वितळते आणि रस्ता तोडते. बाकीचे वाचतात. फ्यूज बल्बला वाचवायला असतो अशी माझी पन्नाशीपर्यंतची समजूत होती. तसं नाही, तो वायरला वाचवतो. म्हणून फ्यूज नेहमी वायरपेक्षा अशक्त हवा. घरात सगळ्यांत आधी रडणारं एक माणूस लागतं, म्हणजे बाकीच्यांना कळतं की काहीतरी बिनसलंय, तसंच हे.

नाना पेठेत गेलो. आमच्या गाडीत जुन्या पद्धतीचे काचेच्या नळीचे दोन फ्यूज. मी तसेच मागितल्यावर दुकानदारानं माझ्याकडे मी फाउंटन पेनची दौत मागितल्यासारखं पाहिलं. "त्या बाटल्या सोडा आता. पत्तीचे घ्या, सहाची पेटी देतो." पत्तीच्या फ्यूजांचे रंग ठरलेले असतात: पाच अँपिअरचा फिकट बदामी, साडेसातचा तपकिरी, दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. त्यानं मूठभर हिरवे काढले. "सगळीकडे तीसच घाला. उडायची भानगडच नाही."

मी नुकताच आठवीचं पुस्तक वाचून आलेलो, त्यामुळे मला चेव आला. मी म्हटलं, "माझा हेडलाइट साठ वॉटचा. बॅटरी बारा व्होल्टची. साठ भागिले बारा, पाच. पाच अँपिअर जाणाऱ्या वायरीला तिसाचा फ्यूज घातला तर आधी वायर जळेल आणि फ्यूज तसाच बघत राहील." दुकानदार शांतपणे म्हणाला, "मग लाल घ्या," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. वादात जिंकूनही दाद न मिळण्याचा हा प्रकार पुण्यात नवा नाही. तिथून तपकीर गल्लीत जाऊन वायर, तिच्या टोकाला बसवायची थिंबलं, ती दाबायची पक्कड आणि गरम केल्यावर आक्रसणारी काळी स्लीव्ह घेतली. पक्कड पेटीपेक्षा महाग पडली.

शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये शुभारंभ. बाबा टॉर्च धरायला आले. लहानपणी मी टॉर्च धरायचो आणि बाबा ओरडायचे, "मी काम कुठं करतोय आणि तू उजेड कुठं पाडतोयस!" ते वाक्य मी चाळीस वर्षं जपून ठेवलं होतं. पण ते म्हणायची वेळच आली नाही, कारण बाबा टॉर्च बरोब्बर माझ्या डोळ्यांवर धरत होते आणि त्या उजेडात मला ते दिसतच नव्हते.

बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढायची, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. मी ते वाचलं होतं. वाचून पॉझिटिव्हला दहाचा पाना लावला. पान्याचं दुसरं टोक फ्रेमला टेकलं आणि 'फट्' असा निळा-पांढरा जाळ झाला. पान्याच्या कडेला मुंगीनं चावा घ्यावा एवढी खाच पडली, लोखंडाचा एक आंबूस वास आला आणि बाबा टॉर्चसकट जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दिसले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिथे ते किती वेगात पोचले, हे कुणीतरी मोजायला हवं होतं. सगळी फ्रेमच निगेटिव्ह असते हो. आधी निगेटिव्ह सुटली असती, तर पाना कुठंही टेकला तरी काही झालं नसतं.

फ्यूजची पेटी उजव्या बाजूच्या झाकणाखाली होती. झाकण उघडलं. एका काचेच्या नळीची टोकं हिरवी पडलेली. आणि दुसऱ्या नळीभोवती, म्हणजे अख्ख्या गाडीच्या मुख्य फ्यूजभोवती, चांदी गुंडाळलेली. चंदेरी कागद. मी तो नखानं अलगद सोडवला. मागून पातळ पांढरा कागद, उन्हानं पिवळा पडलेला, आणि चांदीवर बारीक जाळीची नक्षी. तो सिगारेटच्या पाकिटातला होता.

आमच्या घरात सिगारेट हा शब्द उच्चारायचीही चोरी होती. कॉलेजात असताना माझ्या शर्टाला मित्राच्या सिगारेटचा वास आला म्हणून बाबांनी मला रात्री दीड तास फुप्फुसांची रचना समजावून सांगितली होती.

"बाबा, हे काय?"

टॉर्च बंद झाली. "चॉकलेटचा कागद आहे तो," बाबा म्हणाले.

आई चहा घेऊन खाली येत होती. तिनं कप ठेवला, चांदी हातात घेतली, उलटीसुलटी केली. "हा वरंध घाटातला," ती म्हणाली. "१९९३. महाडहून माझ्या माहेराहून येत होतो. जुलैचा पाऊस, गाडी पार बंद, दिवाही नाही. तुम्ही 'चौकशी करून येतो' म्हणून टपरीवर गेलात आणि हा कागद घेऊन आलात. मला म्हणालात, खाली पडलेला सापडला."

"मग? सापडलाच होता."

"चिखलात पडलेला कागद कोरडा कसा हो?"

बाबा पार्किंगच्या छताकडे बघू लागले. मग म्हणाले, "तात्पुरता लावला होता."

तात्पुरता. बत्तीस वर्षं गाडी त्या तात्पुरत्या चांदीवर चालली. ती चांदी किती अँपिअरला वितळते हे पाकिटावर कुणी छापत नाही, पण मुख्य फ्यूजपेक्षा ती खमकी होती एवढं नक्की. म्हणजे इतकी वर्षं गाडीला फ्यूजच नव्हता. कुठं काही शॉर्ट झालं की वायरींनी आपापसांत सोसायचं, अशी व्यवस्था होती.

टाकी उतरवल्यावर सोसणं दिसलं. इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ मध्ये उत्खनन सुरू केलं, तेव्हा थरांखाली थर निघाले म्हणतात. आमच्याकडेही निघाले. सगळ्यात वर माझ्या काळातली काळी टेप, चिकट होऊन ओघळलेली. तिच्याखाली घराच्या दारावरच्या बेलची वायर. त्याखाली टेपरेकॉर्डरच्या स्पीकरची, आणि हा थर पाहून आमच्या घरातला डावा स्पीकर १९९६ साली अचानक मुका का झाला होता, याचा उलगडा झाला. सगळ्यात खाली कंपनीची मूळ वायरिंग. तिच्यातले लाल, निळे, हिरवे रंग एकाच चहाच्या रंगाचे झालेले आणि मधल्या वीतभर भागात चार वायरींचं प्लॅस्टिक वितळून एकमेकांत चिकटून त्यांची चिक्की झालेली. पापडाचा वास इथून येत होता.

पुढचे दोन दिवस पटकन सांगतो, कारण त्यांत शिव्यांखेरीज वेगळं काही नव्हतं. जळका भाग कापला, नव्या वायरी ओढल्या. बॅटरीजवळ मुख्य वीसचा फ्यूज, मग पेटीत हेडलाइटला दहा, इग्निशनला दहा, हॉर्न आणि ब्रेकच्या दिव्याला मिळून दहा, इंडिकेटरला पाच. रविवारी संध्याकाळी चावी फिरवली आणि हॉर्न दाबला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला पोटभर करंट मिळाला असावा. दुसऱ्या मजल्यावरच्या देशपांडेकाकूंच्या हातातली कढी सांडली.

सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये हँडल उजवीकडे वळवून गाडी लावली आणि हॉर्न गेला, ब्रेकचा दिवा गेला. फ्यूज उडाला. नवा घातला. घरी आल्यावर पार्किंगमध्ये लावताना परत उडाला. मंगळवारी दोन. बुधवारी एक. आधीची गाडी खोटारडी होती पण घरी पोचवायची. आता ही सत्यवचनी झाली आणि पावलागणिक अडायला लागली. गुरुवारी सकाळी लाल फ्यूज संपले आणि माझ्या हाताशी फक्त एक हिरवा उरला, दुकानदारानं मोड म्हणून दिलेला. तिसाचा. मी तो चिमटीत धरून बराच वेळ उभा होतो. मनात शब्दही आला. तात्पुरता.

"त्याला हात लावू नकोस," मागून बाबा म्हणाले. त्यांच्या हातात मागच्या दिव्याचा एक जुना बल्ब होता, दोन वायरी जोडलेला. "फ्यूजच्या जागी हा लाव. चावी चालू कर. हॉर्न दाबू नको, ब्रेक दाबू नको."

लावला. बल्ब विझलेलाच. "आता हँडल फिरव. सावकाश." डावीकडे पूर्ण नेलं, काही नाही. मधे, काही नाही. उजवीकडे नेलं आणि अगदी शेवटच्या इंचाला बल्ब भप्पकन पेटला.

सगळं इतकं सोपं होतं. शॉर्ट झाला की सगळा करंट त्या बल्बातून जातो, बल्ब पेटतो, फ्यूज वाया जात नाही आणि तुम्ही वायर चाचपत बसू शकता. हँडलच्या मानेपाशी, जिथे वायरी फ्रेमला घासून वळतात, तिथे मी घाईत जुनीच ठेवलेली एक वायर होती. तिचं प्लॅस्टिक घासून तांदळाएवढं तांबं उघडं पडलेलं. हँडल पूर्ण उजवीकडे गेलं की तो तांदूळ फ्रेमला टेकायचा. आचके, चार वेळा साफ झालेला कार्ब्युरेटर, हातानं फिरवलेले यू-टर्न हे सगळं त्या तांदळाचं.

"तुम्हाला हे येत होतं?" मी विचारलं.

"येत होतं की."

"मग १९९३ ला का नाही केलं?"

"पाऊस होता," बाबा म्हणाले. "आणि तुझी आई मागं बसली होती."

वायर बदलली, स्लीव्ह चढवली, लायटरनं गरम करून आक्रसवली. लायटर बाबांनी दिला. कुठून आला ते मी विचारलं नाही.

रविवारी बाबांना मागे बसवून खडकवासल्यापर्यंत चक्कर मारली. धरणाच्या भिंतीपाशी मी मुद्दाम, रस्त्याच्या मधोमध, उजवीकडे पूर्ण वळून एक यू-टर्न घेतला. काहीही झालं नाही. एका टपरीपाशी बाबा म्हणाले, "थांब जरा, चौकशी करून येतो." मी गाडी बंद करून समोर पाण्याकडे बघत बसलो. बघणं भागच होतं.

परत आले ते खिशावर हात ठेवून. घरी पोचेपर्यंत काही बोलले नाहीत. दार उघडल्यावर त्यांनी खिशातून चॉकलेट काढून आईपुढे धरलं. चंदेरी कागदातलं, उन्हानं जरा मऊ पडलेलं.

आईनं ते उभ्या उभ्या खाल्लं. मग चांदी टेबलावर ठेवून नखानं सारखी केली, दोन घड्या घातल्या आणि बाबांच्या हातात दिली.

"घ्या," ती म्हणाली. "याला मागून कागद नसतो."