अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रलला लूप मारू नका

‘वायरमन तुम्हाला हे सांगणार नाही’ अशा मथळ्याचा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: घरात अर्थिंग नसेल तर तीन पिनच्या सॉकेटमध्ये अर्थच्या स्क्रूवरून न्यूट्रलच्या स्क्रूवर वायरचा छोटा तुकडा जोडा (यालाच लूप मारणं म्हणतात), कारण दोन्ही शेवटी एकच, एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच) असला की शॉक लागत नाही, एमसीबी सारखा पडत असेल तर मोठा बसवा, अर्थिंग चांगलं आहे का ते बल्ब लावून कळतं, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा आणि पाणी घातलं की कायमची काळजी मिटली. माझ्या मावसभावाने तो मला पाठवला आणि विचारलं, “गिझरला असंच करून घेऊ ना?”

नाही. अजिबात नाही. आणि ज्यांनी करून घेतलंय त्यांनी आजच मेन स्विच बंद करून तो तुकडा काढून टाकावा.

“न्यूट्रल आणि अर्थ शेवटी एकच.” यात अर्धं खरं आहे, ते आधी मान्य करतो. डीपीवर ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीत अर्थ केलेला असतो. म्हणून तर फेज (घरात करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट मिळतात आणि फेज आणि जमिनीतही जवळपास तेवढेच मिळतात. पण ती गाठ पुरवठ्याच्या बाजूला, जाड वायरने, ठरवून मारलेली असते. घरात आल्यावर दोन्ही वायरींची कामं वेगळी. न्यूट्रलमधून लोडचा, म्हणजे चालू उपकरणांचा, करंट सतत वाहतो. अर्थच्या हिरव्या वायरमधून एरवी काहीच वाहायचं नसतं. बिघाड झाला तरच तिचं काम सुरू होतं.

आता न्यूट्रल कुठेतरी सुटला असं धरा. २००० वॉटच्या गिझरच्या कॉइलचा रोध साधारण २६ ओहम. बटण चालू आहे, पण करंटला परतीची वाट नाही, म्हणून पाणी तापत नाही. मात्र कॉइलच्या न्यूट्रलकडच्या टोकावर पूर्ण २३० व्होल्ट उभे असतात. लूप नसती तर ते वायरच्या इन्सुलेशनच्या आतच राहिले असते. लूप आहे, म्हणून ते सॉकेटमधून अर्थच्या पिनवर, तिथून टाकीवर, आणि पाइप लोखंडी असेल तर नळावर येतात. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरला तर शरीरातून जाणारा करंट २३० भागिले १०२६, म्हणजे सुमारे २२४ मिलीअँपिअर. इथे गिझरमध्ये कसलाही बिघाड नाही हे लक्षात घ्या. नव्याकोऱ्या गिझरच्या टाकीवर करंट आणायचं काम त्या दोन इंचांच्या वायरने केलं.

न्यूट्रल मेनलाच तुटला तर आणखी वाईट. स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. त्यामुळे हॉलमधला एक पंखा चालू राहिला तरी त्याच्या वाइंडिंगमधून आलेलं व्होल्टेज घरभरच्या न्यूट्रलवर पसरतं, आणि लूप मारलेल्या प्रत्येक सॉकेटमधून फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सरच्या धातूच्या भागांवर येतं. बटण बंद असलेल्या उपकरणावरसुद्धा.

“न्यूट्रल कुठे रोज तुटतो?” असं विचारणाऱ्यांनी जुनी मीटरपेटी उघडून बघावी. पोलवरून येणाऱ्या अल्युमिनियमच्या सर्व्हिस वायरचा जोड काळा पडून ढिला होतो. मीटरच्या टर्मिनलचा स्क्रू सैल राहतो. आणि अनेक जुन्या घरांत फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन किटकॅट फ्यूज शेजारी शेजारी आजही बसलेले दिसतात. ओव्हरलोडला न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर घर अंधारात जातं, सगळ्यांना वाटतं लाइट गेली, आणि लूप मारलेल्या सॉकेटवरच्या उपकरणांच्या धातूच्या बॉडीवर करंट असतो. अर्थ केलेल्या न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच घालू नये, तोडायचाच तर फेजसोबत एकाच वेळी तुटेल असा जोडस्विच हवा, हे १९५६ च्या भारतीय वीज नियमांमध्येच लिहिलेलं होतं.

दुसरा प्रकार उलटापालट. पोलवर किंवा मीटरवर काम करताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल होते. बल्ब, पंखे सगळे नेहमीसारखे चालतात, त्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही. पण लूप असेल तर उपकरणाच्या बॉडीवर थेट फेज येतो, स्विच बंद असतानाही.

मेसेजमध्ये लिहिलंय की लूप मारल्यावर बॉडीला फेज लागला तर एमसीबी लगेच पडतो. पडतो, खरं आहे. ते सरळ शॉर्ट सर्किट होतं. म्हणूनच हा जुगाड करून दाखवणाऱ्याचा त्याच्यावर विश्वास बसतो. पण घरात आरसीसीबी (गेलेला आणि परत आलेला करंट सारखा नसला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर ही लूप त्याला आंधळं करते. कॉइलमधून टाकीकडे थोडा करंट झिरपत असेल तर तो लूपमधून न्यूट्रलला मिळून आरसीसीबीमधूनच परत जातो. गेलेला आणि आलेला करंट सारखाच, म्हणून तो पडत नाही. आणि घरात खरी अर्थिंगही जोडलेली असेल तर उलटं होतं: लोडचा थोडा करंट अर्थमधून निघून जातो आणि आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. मग कोणीतरी आरसीसीबीच बायपास करतं.

घरांच्या वायरिंगसाठी आयईसी ६०३६४ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे. आपलं आयएस ७३२ तिच्याच धर्तीवर आहे. तिच्या अर्थिंगच्या भागात (५-५४) दोन गोष्टी स्वच्छ आहेत. न्यूट्रल आणि अर्थ एकाच वायरमध्ये चालवायचे तर ती पक्क्या वायरिंगमध्ये किमान १० चौरस मिलिमीटर तांब्याची किंवा १६ चौरस मिलिमीटर अल्युमिनियमची हवी, म्हणजे सहजी तुटणार नाही इतकी जाड. आणि एकदा दोन्ही वेगळे झाले की तिथून पुढे कुठेही पुन्हा एकमेकांना जोडायचे नाहीत. सॉकेटमधली लूप या दोन्ही अटी मोडते. यावर आणखी चर्चेची गरज मला दिसत नाही.

“एमसीबी असला की शॉक लागत नाही.” एमसीबी वायर वाचवायला असतो. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. माणसाच्या जिवाला ३० मिलीअँपिअरपासून धोका सुरू होतो. माणूस चिकटून राहिला तरी एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. शॉकपासून वाचवतो तो ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी.

“मोठा एमसीबी बसवा.” पाइपातून टाकलेली दीड एमएमची वायर साधारण १५ अँपिअरची. तिच्यावर ३२ चा एमसीबी लावला तर मानकानुसार ४६ अँपिअरलाही तो पडायला तासाभरापर्यंत वेळ घेऊ शकतो. तोवर भिंतीतल्या वायरचं इन्सुलेशन वितळलेलं असतं. एमसीबी पडतोय तर लोड वाटा किंवा वायर बदला.

“फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावा, लख्ख पेटला म्हणजे अर्थिंग उत्तम.” हे फार पसरलंय, आणि कित्येक वायरमनही असंच तपासतात. १०० वॉटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना सुमारे ५२९ ओहम. अर्थिंगचा रोध ५० ओहम, म्हणजे रद्दी असला, तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो झकास पेटतो. याच अर्थिंगवर बॉडीला फेज लागला तर करंट वाहतो साडेचार अँपिअर. १६ चा एमसीबी हलतही नाही आणि बॉडीवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज टिकून राहतं. त्या एमसीबीला खात्रीने झटक्यात पाडायचं तर फेजपासून अर्थमार्गे ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या सगळ्या वाटेचा रोध १.४४ ओहमच्या आत हवा. बल्ब यातलं काहीच सांगत नाही. तो एवढंच सांगतो की वायर कुठेतरी जमिनीला टेकलेली आहे.

मीठ-कोळशाबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे. अर्थिंगच्या भारतीय मानकात, आयएस ३०४३ मध्येही, ही पद्धत आहे, आणि ओलाव्याने मातीचा रोध उतरतो. “कायमची” हे मात्र खोटं. मीठ पावसाळ्यात वाहून जातं, आणि खड्ड्यातला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप त्याच मिठाने गंजतो. अडीच मीटर लांब, ४० मिलिमीटरचा पाइप मध्यम मातीत ठोकला तर रोध ३०-३५ ओहमच्या आसपास येतो. काळ्या ओल्या मातीत तो बराच कमी, कोकणातल्या जांभ्यावर किंवा कातळावर कितीतरी जास्त. मोजायचा तर अर्थ टेस्टरनेच, आणि तोही उन्हाळ्यात, माती कोरडी असताना.

म्हणजे एकट्या खड्ड्याच्या भरवशावर एमसीबी पडत नाही. ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीचं तसं नाही. अर्थिंग ३५ ओहमची असो की १०० ची, बॉडीला फेज लागला की तो ३०० मिलिसेकंदांच्या आत पडतो, करंट मोठा असेल तर ४० मिलिसेकंदांत. बिनअर्थिंगच्या घरातही माणसातून जमिनीकडे करंट गेला की तो पडतो, फक्त आधी झटका बसतो. म्हणून दोन्ही हवेत. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी आरसीसीबी बसवा, आणि अर्थिंग होईपर्यंत लोखंडी टाकीचा गिझर चालवू नका. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर आरसीसीबीही वाचवत नाही.

बसवताना फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच्यातून न्यायचे. दोन सर्किटांचा न्यूट्रल एकमेकांत मिसळलेला असेल तर तो लगेच पडेल. तेव्हा आरसीसीबी परत पाठवू नका, वायरिंग सुधारा. त्यावरचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबा. ते बटण आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही.

घरात आधीच लूप आहे का ते मल्टीमीटरने कळतं. सॉकेटसमोर उभं राहिलं की वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास यायला हवेत, फेज-अर्थही. फेज-अर्थ ६०, ९० असे हलते आकडे आले तर हिरवी वायर अधांतरी आहे. मग न्यूट्रल-अर्थवर मीटर ठेवून त्याच लाइनवरची इस्त्री चालू करा. खऱ्या अर्थिंगवर आकडा एक-दोन व्होल्टने वर सरकतो, कारण लोडच्या करंटने न्यूट्रलवर व्होल्टेज ड्रॉप होतो. इस्त्री चालू असूनही शून्यच राहिला तर मेन बंद करा, फेज गेल्याची मीटरने खात्री करा आणि सॉकेटची प्लेट उघडा. अर्थच्या स्क्रूवरून डावीकडच्या स्क्रूवर गेलेला तुकडा दिसेल. तो काढल्यावर बाकीचे सगळे सॉकेटही उघडून बघा, कारण ज्याने एका ठिकाणी लूप मारली त्याने बहुधा घरभर मारलेली असते.